केसपेपरवरचा एक शब्द : सोलापुरात घेतलेल्या स्तन लघुकरण शस्त्रक्रियेचे परीक्षण

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी सोलापुरातील एका खासगी रुग्णालयात स्तन लघुकरण शस्त्रक्रिया, म्हणजे सगळे जिला ब्रेस्ट रिडक्शन म्हणतात ती, करून घेतली. तिला आता दहा महिने होत आले आहेत. सूज पूर्ण उतरून आकार स्थिरावायला सहा महिने ते वर्ष लागते आणि व्रण फिके पडायला वर्ष-दीड वर्ष जाते, त्यामुळे पहिल्या महिन्यातल्या उत्साहात किंवा त्राग्यात काही लिहायचे नाही, असे मी तेव्हाच ठरवले होते. रुग्णालयाचे नाव येथे देत नाही. मी ज्या दोन ठिकाणांची पायरी चढले, त्यांपैकी एकाविषयी माझी गंभीर तक्रार आहे. शिवाय सोलापूर एवढे मोठे नाही की रुग्णालय कळल्यावर रुग्ण कळणार नाही.

माझे वय ४१ असून मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. सुमारे पंधरा वर्षे माझी मान आणि खांदे दुखत होते. ब्राच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर बोट बसेल एवढ्या खाचा पाडल्या होत्या, आणि फळ्यावर लिहिताना करंगळीकडच्या बोटांना मुंग्या येत. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे गेला की स्तनांखालच्या घडीत घाम साचून कातडी लाल होई, सोलवटून निघे आणि मलम लावून बरे झालेले चट्टे आठवडाभरात परत येत. अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी आणि त्वचारोगतज्ज्ञ अशा सगळ्या फेऱ्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी वजन कमी करण्याचा सल्ला मिळाला. तो सल्ला चुकीचा नव्हता, कारण वजन जास्त असेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि भुलीची जोखीमही वाढते. मी दीड वर्षात नऊ किलो वजन उतरवले. चेहरा उतरला, पोट उतरले, छाती मात्र जेमतेम उतरली. स्तनांत चरबीबरोबर ग्रंथींचे ऊतकही असते, प्रत्येक स्त्रीमध्ये त्याचे प्रमाण निराळे असते आणि ते ऊतक उपाशी राहून वितळत नाही, हे पंधरा वर्षांत मला कोणीही सांगितले नव्हते.

पहिल्या रुग्णालयात मी एक मोठा फलक पाहून गेले. तेथे वजन, आजार, औषधे यांपैकी कशाचीही चौकशी होण्याआधी एका तरुण समुपदेशक मुलीने माझ्यापुढे छायाचित्रांचा अल्बम ठेवला आणि "मॅडम, कोणता कप हवा?" असे विचारले. ब्राच्या कपाचे माप कंपनीगणिक बदलते, त्यामुळे कोणताही जबाबदार शल्यविशारद अमुक कप होईल असे वचन देत नाही, हे मला नंतर समजले. त्यानंतर स्वागतकक्षातल्याच एका कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर माझी छायाचित्रे घेण्याची तयारी सुरू झाली. ती कोठे ठेवणार, कोण पाहणार, असे विचारल्यावर "तसं काही नसतं मॅडम, सगळ्यांचीच काढतो" एवढेच उत्तर मिळाले. मी छायाचित्रे काढू दिली नाहीत. डॉक्टर आले, उभ्या उभ्या पाच मिनिटे बोलले आणि केसपेपरवर निदानाच्या रकान्यात एकच शब्द लिहून गेले : कॉस्मेटिक. हातात मिळालेल्या अंदाजपत्रकात शस्त्रक्रियेच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लावलेला होता.

त्या एका शब्दाचे वजन मला घरी आल्यावर कळले. आरोग्य सेवांना एरवी जीएसटीतून सूट असते. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियांना ती मिळत नाही. जन्मजात दोष, वाढीतील विकृती, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीराची रचना अथवा कार्य पूर्ववत करण्यासाठी शस्त्रक्रिया असेल, तर मात्र सूट कायम राहते. आरोग्य विम्याचेही तसेच आहे. विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांमध्ये रूप बदलणाऱ्या प्लास्टिक शस्त्रक्रियांचा खर्च वगळलेला आहे. मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, आणि आरोग्याला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक ठरलेला उपचार, यांना हा अपवाद लागू होत नाही, म्हणजे त्यांचा खर्च विम्यातून मागता येतो. ती आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लेखी प्रमाणित करावी लागते. म्हणजे मानेचे दुखणे, मुंग्या, चट्टे आणि पंधरा वर्षांच्या फेऱ्या हे सगळे त्या एका शब्दाने पुसून टाकले होते. ज्या बाईला खरोखर केवळ आकार बदलायचा आहे, तिने तो बदलून घेण्यात मला काहीच गैर वाटत नाही. माझी हरकत न विचारता लिहिण्याला आहे.

दुसरीकडे जाण्याआधी मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे डॉक्टरांची पदवी पाहिली. प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी झालेली व्यक्ती वेगळी आणि पाटीवर 'कॉस्मेटिक सर्जन' किंवा 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' लिहिणारी प्रत्येक व्यक्ती वेगळी. नोंदणी क्रमांक मागून महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंद तपासता येते, आणि क्रमांक मागितल्यावर कोणी रागावले तर तेही एक उत्तरच समजावे. दुसरी गोष्ट म्हणजे जुने कागद शोधून तारखांप्रमाणे एका फाइलमध्ये लावले : मानेचे एक्स-रे, फिजिओथेरपीच्या पावत्या, त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या.

दुसऱ्या रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमनी ती फाइल पहिल्या पानापासून वाचली. पहिली भेट पाऊण तास चालली. त्यांनी टेप घेऊन गळ्याखाली हाडांच्या मधोमध असलेल्या खोबणीपासून स्तनाग्रापर्यंतचे अंतर मोजले. ते ३३ सेंटिमीटर भरले. हे अंतर का मोजतात, हेही त्यांनी कागदावर आकृती काढून सांगितले. या शस्त्रक्रियेत स्तनाग्र सहसा कापून वेगळे करत नाहीत. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेल्या ऊतकाच्या एका देठावर ते जिवंत ठेवतात, भोवतालचे जादा ऊतक व कातडी काढतात आणि देठासकट ते वर सरकवतात. अंतर जितके जास्त, तितका देठ लांब आणि तितकी रक्तपुरवठ्याची काळजी अधिक. स्तन फारच मोठे असतील तर कधी कधी स्तनाग्र पूर्ण सुटे करून कातडीच्या कलमाप्रमाणे नव्या जागी बसवावे लागते. तसे झाले तर तेथली नेहमीची संवेदना जाते आणि पुढे त्या बाजूने स्तनपान करता येत नाही. माझ्यावर ती वेळ आली नाही, परंतु ती येऊ शकते हे त्यांनी आधी सांगितले होते.

व्रणाचे दोन मुख्य प्रकार त्यांनी दाखवले. स्तन मध्यम मोठे असतील तर स्तनाग्राभोवती गोल आणि तेथून खाली एक उभी रेघ एवढ्यावर भागते. माझ्यासारखीला त्या उभ्या रेघेच्या तळाशी, स्तनाखालच्या घडीत, एक आडवी रेघही लागते, म्हणजे उलट्या 'टी' अक्षरासारखा व्रण राहतो. हा आराखडा रॉबर्ट वाइज या शल्यविशारदांनी १९५६ मध्ये मांडला, म्हणून त्याला वाइज पॅटर्न म्हणतात. शस्त्रक्रियेच्या सकाळी मॅडमनी मला सरळ उभे करून मार्करने रेघा आखल्या, कारण आडवे झाल्यावर आकार पसरतो आणि मापे चुकतात. आरशात त्या रेघा पाहताना मला आमच्या शिंपीकाकांच्या टेबलावरच्या, कटोरी ब्लाउजसाठी आखलेल्या कापडाची आठवण झाली आणि मला हसू आले. कापडावरची शिवण बाहेरून दिसत नाही, कातडीवरची दिसते. सावळ्या कातडीवर व्रण काही महिने अधिक गडद दिसतो, आणि ज्यांच्या अंगावर टोचल्या-भाजल्याचे व्रण फुगून वाढतात त्यांनी ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

या सेवेतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला प्रश्न मात्र अगदी साधा होता. पहिल्या रुग्णालयाच्या छापील अर्जात 'धूम्रपान करता का?' असा रकाना होता आणि मी तेथे प्रामाणिकपणे 'नाही' लिहिले होते. दुसऱ्या ठिकाणी मॅडमनी सिस्टरना बाहेर पाठवले, दार लावले आणि विचारले, "मिसरी लावता का?" मी लावत होते. आईच्या घरी लागलेली सवय होती; सकाळी दातांना लावल्याशिवाय दिवस सुरू होत नसे. शिक्षिका असून हे लिहिताना मला संकोच वाटतो, तरीही लिहिते, कारण आपल्या जिल्ह्यात हे उत्तर खाली मान घालून देणाऱ्या बायका कमी नाहीत. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि देठावर जगणाऱ्या स्तनाग्राचा रक्तपुरवठा तुटला तर ते काळे पडून झडू शकते. शस्त्रक्रियेआधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे मिसरी पूर्ण बंद, या अटीवरच त्यांनी तारीख दिली. तारखेच्या आदल्या आठवड्यात त्यांनी पुन्हा विचारले, तेही दार लावूनच.

त्यांनी विचारलेल्या आणखी काही गोष्टी अशा : पुढे मूल हवे आहे का, कारण गरोदरपणात आकार पुन्हा बदलतो आणि देठ राखूनही दूध कमी येण्याची शक्यता असते, वजन गेले काही महिने स्थिर आहे का, ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी किंवा कोणाच्या सांगण्यावरून घेतलेली झाडपाल्याची औषधे चालू आहेत का, घरात कोणाला स्तनाचा कर्करोग झाला होता का. चाळिशी ओलांडलेली असल्याने आधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करून घेतली. रक्ताच्या तपासण्या, ईसीजी आणि भूलतज्ज्ञांची भेट हे ओघाने आलेच. येथेही छायाचित्रे काढली, परंतु रुग्णालयाच्या कॅमेऱ्याने, चेहरा वगळून आणि माझी लेखी संमती घेऊन.

घरातला विरोध अपेक्षेहून सौम्य निघाला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, देवानं दिलेलं कापून काय घ्यायचं?" मी त्यांना खांद्यावरची खाच दाखवली. त्यांनी त्यावर बोट फिरवले आणि पुढे काही बोलल्या नाहीत. शस्त्रक्रियेच्या दिवशी डबा घेऊन सगळ्यांत आधी त्याच निघाल्या. या शस्त्रक्रियेने पुढे कर्करोग होतो, असे शेजारच्या एका काकूंनी सांगून ठेवले होते. त्याला काही आधार नाही.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेविषयी माझ्याजवळ सांगण्यासारखे थोडेच आहे. ती पूर्ण भूल देऊन झाली आणि सव्वातीन तास चालली. शुद्धीवर आले तेव्हा दोन्ही बाजूंना ड्रेनच्या, म्हणजे जखमेत साचणारे रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या, बारीक नळ्या होत्या, त्या दुसऱ्या दिवशी काढल्या. संध्याकाळी सिस्टरनी मला धरून वॉर्डात चालवले, कारण पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून लवकर हालचाल हवी असते. दुखणे मी कल्पिले होते त्याहून कमी होते; बाळंतपण झालेल्या बाईने त्याचे भय बाळगू नये. उजवीकडून ६१० आणि डावीकडून ५७० ग्रॅम ऊतक निघाले. ते सगळे तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवले गेले. हा खर्च वाचवू द्यायचा नाही, कारण बाहेरून काहीही न जाणवणारा आजार कधी कधी तेथे सापडतो. माझा अहवाल स्वच्छ आला.

रुग्णालयाची खोली स्वच्छ होती. पलंगाची उशाकडची बाजू वर उचलता येत होती, आणि पहिले काही दिवस उताणे, थोडे उठून झोपावे लागते तेव्हा हीच सोय खरी उपयोगाची ठरते. घरी तसा पलंग नसल्याने मी दोन लोड आणि तीन उशा रचल्या. पुढून उघडणारी, तारा नसलेली आधाराची ब्रा रात्रंदिवस काही आठवडे घालावी लागते. ती माझ्या मापात मला नवी पेठेतल्या दुकानांत मिळाली नाही, म्हणून ऑनलाइन मागवली. दोन असाव्यात, कारण एक वाळत असते. रुग्णालयाने ही ब्रा आधीच मागवायला सांगायला हवी होती. सुट्टी देण्याच्या दिवशी हातात चिठ्ठी ठेवून तिची आठवण करून देणे ही व्यवस्थेतली चूक आहे.

विश्रांतीबाबतच्या सूचनाही पुण्या-मुंबईच्या ग्राहकासाठी छापल्यासारख्या होत्या. 'जड उचलू नका' असे लिहिले होते. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते. पाण्याच्या दिवशी पिंप भरणे, बादल्या वर चढवणे, हंडा कमरेवर घेणे याला कोणी जड उचलणे म्हणत नाही, तो रोजचा दिनक्रम असतो. मी विचारले तेव्हा मॅडम म्हणाल्या, सहा आठवडे भरलेली बादलीसुद्धा नको. ते काम यजमानांनी आणि मुलाने केले. स्कूटी चार आठवडे बंद होती. बैठे काम दोन आठवड्यांत सुरू करता येते, आणि सुट्टी संपल्यावर मी कॉलेजात हजर झालेही. परंतु हात खांद्याच्या वर नेऊन फळ्यावर लिहिणे पाच आठवडे टाळले. तेवढे दिवस विद्यार्थिनींकडून लिहून घेतले. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला दोन महिने उलटून गेले होते आणि मी पुष्कळ बरी होते, तरीही नंदीध्वजांच्या मिरवणुकीतली गर्दी टाळली, कारण छातीवर एक कोपर बसले असते तर पुरे झाले असते. शस्त्रक्रियेसाठी हिवाळा निवडला हे मात्र फार बरे झाले. घट्ट ब्रा आणि पट्ट्यांखाली सोलापूरचा मे महिना काढण्याची कल्पना करवत नाही.

आता तक्रार, आणि ती चांगल्या म्हटलेल्या रुग्णालयाविषयीच आहे. तिसऱ्या आठवड्यात डावीकडे, उभी आणि आडवी रेघ मिळते त्या कोपऱ्यावर, जखम उसवली. एक रुपयाच्या नाण्याएवढी जागा उघडी पडली आणि तिच्यातून पिवळसर पाणी येऊ लागले. रविवार होता. रुग्णालयात फोन लावला तर ड्युटीवरच्या व्यक्तीने "सोमवारी ओपीडीत या" म्हणून फोन ठेवला. ती रात्र मी जागून काढली. सोमवारी मॅडमनी सांगितले की त्या कोपऱ्यावर कातडीचा ताण सर्वांत जास्त आणि रक्तपुरवठा सर्वांत कमी असतो, तेथे जखम उघडणे ही या शस्त्रक्रियेतली नेहमी दिसणारी अडचण आहे आणि बहुतेक वेळा ती ड्रेसिंगवरच भरून येते. माझी साडेतीन आठवड्यांत भरली. हेच वाक्य शस्त्रक्रियेआधी संमतिपत्रावरच्या बारीक अक्षरांत नव्हे, तोंडी आणि ठळकपणे सांगितले असते, तर रविवारची रात्र वाचली असती. शिवाय त्या सगळ्या ड्रेसिंगचे पैसे वेगळे लागले. पॅकेज म्हणून सांगितलेल्या १,३५,००० रुपयांत ती येत नाहीत, हे पहिले बिल हातात पडल्यावर कळले. तारीख ठरवताना पॅकेजमध्ये भूलतज्ज्ञ, प्रयोगशाळा, ड्रेसिंग, आणि गरज पडल्यास पुन्हा टाके घालणे यांपैकी काय काय आहे, हे लेखी मागून घ्यावे. रक्त साचणे, जंतुसंसर्ग, चरबीची गाठ होणे, दोन बाजूंत फरक राहणे याही शक्यता आहेत, आणि त्या निस्तरण्याचा खर्च कोणाचा, याचे उत्तर आधीच कागदावर असावे.

संवेदनेविषयी स्पष्ट लिहिते, कारण यावर बायका एकमेकींशीही बोलत नाहीत. उजव्या स्तनाग्राची संवेदना चार महिन्यांनी जवळजवळ पूर्ण परतली, डाव्याची अर्धवटच आली आहे. पुढे आणखी येईल किंवा येणारही नाही. दोन बाजूंत थोडा फरक दिसतो, तो ब्लाउजमध्ये कळत नाही. व्रणांवर सिलिकॉनची पट्टी लावते आहे. आडवी रेघ घडीत लपते, उभी अजून तांबूस आहे.

मानेचे दुखणे पहिल्या पंधरवड्यातच हलके झाले. या उन्हाळ्यात चट्टे आले नाहीत, मलमाची ट्यूब मुदत संपून टाकून दिली. बोटांच्या मुंग्या कधीमधी जाणवतात, तेवढ्यापुरते मानेचे व्यायाम चालू आहेत. खांद्यांवरच्या खाचा मात्र बुजलेल्या नाहीत. इतक्या वर्षांत तेथली कातडी आणि चरबी दबली आहे, त्या तशाच राहणार असे दिसते.

दुसऱ्या केसपेपरवर मॅडमनी स्तनांचा अतिरिक्त आकार, मानेची व खांद्यांची जुनी वेदना, वारंवार होणारा त्वचासंसर्ग, फिजिओथेरपीचा उपयोग न होणे अशा चार ओळी लिहिल्या. जीएसटी लागला नाही. विमा कंपनीने कॅशलेस नाकारले, नंतर खर्चाचा दावाही 'कॉस्मेटिक' म्हणून फेटाळला. मी फाइलच्या प्रती जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे अर्ज केला. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. सोलापूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे, शुल्क लागत नाही, आणि नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. माझा अर्ज गेल्या महिन्यात तेथे गेला आहे.

शस्त्रक्रियेच्या कौशल्याला आणि पहिल्या भेटीतल्या त्या पाऊण तासाला मी पाचपैकी पाच गुण देईन. रविवारच्या फोनला आणि बिलाच्या स्पष्टतेला दोनपेक्षा जास्त देता येत नाहीत. पुढच्या महिन्यात नवी मॅमोग्राफी आहे. आतले व्रण चित्रात गाठीसारखे दिसू शकतात, म्हणून ती काढताना शस्त्रक्रियेची माहिती आणि जुनी फिल्म दोन्ही रेडिओलॉजिस्टना द्यायची आहेत. ती फिल्म फाइलमध्ये सगळ्यांत वर ठेवली आहे.